राइड-ऑन लॉन मशीन: बेळगाव-खानापूर भागासाठी नवं बरं की जुनं?

राइड-ऑनचं, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापण्याच्या मशीनचं, कोणतं दुरुस्तीचं काम बेळगावात होतं आणि कोणतं होत नाही, हे आधी समजून घ्या. नवं घ्यायचं की जुनं, याचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर या पट्ट्यात फाउंड्री आहेत, लेथ आहेत, हाताला सफाई असलेले वेल्डर आहेत. डेकला (ब्लेड झाकणाऱ्या खालच्या पत्र्याच्या खोक्याला) गंजून भोक पडलं, स्पिंडलचं (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग बसतं ते घर झिजलं, पुढच्या ॲक्सलची पिन ढिली झाली, स्टिअरिंगचे दाते गेले, तर ही सगळी कामं इथं होतात आणि चांगली होतात. पण हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा, थोडक्यात हायड्रो) बसला किंवा इंजिनाचा एखादा खास भाग गेला, तर तो बाहेरून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं असतं. जुनं मशीन बघताना लोक डेकवरच्या गंजाला घाबरतात. आमच्या लेखी तो गंज दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर हायड्रोचा, आणि त्याला लागून इंजिनाचा.

त्याआधी जागेचं बघू. वीस गुंठ्यांच्या आतलं लॉन असेल तर मागे चालत चालवायचं, चाकं स्वतः फिरणारं २१ इंची मशीन पुरतं. राइड-ऑनचे पैसे घालू नका. त्याच्या पुढे गणित असं. ४२ इंची डेक म्हणजे साधारण १०७ सेंमी. पट्टे थोडे एकावर एक घ्यावे लागतात, म्हणून कामाची रुंदी एक मीटर धरा. ताशी ५ किमी वेगाने तासात ५,००० चौरस मीटर होतात. वळणं, झाडांचे बुंधे, पाइपलाइनची चेंबरं यात पाचवा हिस्सा जातो. उरतात ४,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर. एकराला एक तास, हा हिशेब मोकळ्या मैदानाचा. जांबोटी रस्त्याला असतात तशा झाडंझुडपं असलेल्या फार्महाउसला दीड तास धरा.

गवत कोणतं आहे तेही महत्त्वाचं. हरळी असो की मेक्सिकन लॉन, नियमित कापलेल्या गवतासाठी हे मशीन आहे. कमरेएवढं रानगवत, टणटणी, रानमोडी यांत ते घातलं की बेल्ट जळतो, स्पिंडल वाकतो आणि वॉरंटीवाले हात वर करतात. तसली जागा आधी ब्रश कटरने उघडी करून घ्या, दगड वेचा, मगच राइड-ऑन फिरवा. खानापूर बाजूला जांभ्याचे तुकडे मातीतून वर येत राहतात. दर पावसाळ्यानंतर एकदा रोलर फिरवला नाही तर ब्लेडची धार टिकणार नाही.

काजूच्या किंवा आंब्याच्या बागेतलं गवत फक्त आटोक्यात ठेवायचं असेल, लॉनसारखी सफाई नको असेल, तर १५ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, गवत कापायचा स्लॅशर हा जास्त शहाणपणाचा सौदा आहे. ऊसपट्ट्यात असे ट्रॅक्टर पुष्कळ घरी असतात, डिझेलवर चालतात आणि त्यांचा मिस्त्री पाच-दहा किलोमीटरच्या आत सापडतो. लॉनवर मात्र तो नेऊ नका. ओल्या मातीत त्याच्या चाकांच्या खुणा महिनाभर जात नाहीत.

उतार

बहुतेक राइड-ऑनच्या पुस्तिकेत उताराची मर्यादा १५ अंश दिलेली असते. ती मोजायला महागडं साधन नको. एक मीटरची सरळ पट्टी उतारावर धरा, तिच्यावर पाणसळ ठेवा, खालचं टोक उचलून पट्टी समतल करा आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते २६-२७ सेंमीच्या पुढे गेलं तर तिथं राइड-ऑन नेऊच नका. मर्यादेच्या आतल्या उतारावर लॉन ट्रॅक्टर (पुढे इंजिन आणि पोटाखाली डेक असलेलं नेहमीचं राइड-ऑन) वर-खाली चालवायचा, आडवा नाही. झिरो-टर्नची (मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने जागीच वळणाऱ्या राइड-ऑनची) पुढची चाकं नुसती फिरती असतात, त्यांना ना ब्रेक ना स्टिअरिंग. ओल्या उतारावर मागची चाकं घसरली की मशीन कुठं जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. सपाट क्रीडांगणाला झिरो-टर्न उत्तम. जून ते सप्टेंबर सतत भिजणाऱ्या कणकुंबी-जांबोटीच्या उतरत्या जागेला आम्ही तो सुचवणार नाही. तिथं साधा लॉन ट्रॅक्टर, किंवा खर्च परवडत असेल तर डेक पुढे असलेला रायडर. हुस्कवार्ना कंपनीच्या रायडरमध्ये डेक पुढे असतो आणि मशीन मधून वळतं, त्यामुळे झाडाच्या खालून बुंध्यापर्यंत कापता येतं.

नवं घेताना

पहिलं, एचपीच्या आकड्यावर जाऊ नका. माहितीपत्रकातली ताकद समुद्रसपाटीवरच्या चाचणीतली असते. हवा विरळ होत जाते तशी इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथं आठ-नऊ टक्के तशीच गेली. १७.५ एचपीचं मशीन इथं १६ एचपीचं समजा. ३८ ते ४२ इंची डेकला तेवढं चालतं. ४६ इंचांच्या पुढे, विशेषतः पावसाळ्यात ओलं गवत कापायचं असेल तर, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन इंजिनच घ्या.

दुसरं, डेकचा पत्रा. घरगुती मशीनचा डेक १२-१३ गेजच्या पत्र्यावर दाब देऊन बनवलेला असतो, जड कामाच्या मशीनचा १० गेज किंवा त्याहून जाड पत्रा कापून वेल्ड केलेला. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. कोकणालगतच्या ओल्या भागात दाबलेला डेक टिकतो, पण आतून गवताचा लगदा रोज खरवडून काढला तरच. डेकवरच्या पाण्याच्या नळीच्या जोडावर विसंबू नका. त्या धुण्याने लगदा अर्धवटच निघतो आणि पाणी स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी घेऊन कोरडं खरवडणं कधीही चांगलं.

तिसरं, आणि याबाबत विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या: वॉरंटी कोणत्या वापरासाठी? बऱ्याच कंपन्यांची दोन-तीन वर्षांची वॉरंटी घरगुती वापरापुरती असते. व्यावसायिक वापराला ती बऱ्याचदा ९० दिवसांवर येते. रिसॉर्ट, कॉलेज, मंगल कार्यालयाचं लॉन, क्रिकेटचं मैदान हे सगळं व्यावसायिकच धरलं जातं. बिल संस्थेच्या नावाने निघालं तर नंतर वाद घालून उपयोग नाही. संस्थेला घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच व्यावसायिक श्रेणीचं मशीन बघा आणि त्याची वॉरंटी किती तासांची आहे तेही विचारा.

चौथं पेट्रोल. आता पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक लॉन इंजिनांच्या पुस्तिकेत मात्र इथेनॉल १० टक्क्यांच्या आत असावं असं लिहिलेलं असतं. इथेनॉल वाढलं की कार्ब्युरेटरमधलं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, रिकामं चालताना आवाज वर-खाली होतो. त्यात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात दोन महिने टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरट थर आणि जेटमध्ये चिकटा बसतो. म्हणून मशीन ठरवण्याआधी विचारा: २० टक्के इथेनॉल चालेल असं कंपनी लिहून देते का? देत नसेल तरी हे मशीन वापरता येतं, पण शिस्त पाळावी लागते. महिन्याभरात संपेल इतकंच पेट्रोल आणायचं. पंधरा दिवसांच्या वर मशीन उभं राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते. जुन्या मशीनची पेट्रोलची नळी बोटाने दाबून बघा. ती फुगलेली किंवा चिकट लागली तर इथेनॉल चालणाऱ्या नळीने लगेच बदला.

पार्ट्सबद्दल विक्रेत्याला "मिळतील का" असं विचारू नका, "आत्ता कपाटात दाखवा" म्हणा. डेकचा बेल्ट, ड्राइव्हचा बेल्ट, ब्लेडची जोडी, एक पूर्ण स्पिंडल, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर. हे सहा नग बेळगाव, हुबळी, कोल्हापूर किंवा गोव्यातल्या त्याच्या दुकानात हजर असतील तर तो विक्रेता कामाचा. नसतील तर दहा हजारांनी स्वस्त देत असला तरी सोडून द्या.

जुनं बघताना: आधी इंजिन

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मशीन चालू करून ठेवू नका. गेल्यावर आधी इंजिनाच्या हेडवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा, कारण थंड इंजिन ज्या गोष्टी सांगतं त्या गरम इंजिन लपवतं.

डिपस्टिक काढा. तेल काळं असलं तरी हरकत नाही. पण ते खुणेच्या वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कार्ब्युरेटरची फ्लोट-नीडल गळतेय. पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. नीडलचं काम किरकोळ, पण पातळ झालेल्या तेलावर ते इंजिन किती दिवस चाललं हे कोणी सांगू शकत नाही. अशा वेळी तेल बदलून, अर्धा तास चालवून, मगच पुढचं बोला.

मग किल्ली फिरवा. स्टार्टर अर्धा फेरा मारून अडकत असेल तर विकणारा हमखास बॅटरीला दोष देईल. मल्टिमीटर लावा. उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल आणि तरीही स्टार्टर अडकत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला असतो. या इंजिनांत चालू होताना एक व्हॉल्व्ह किंचित उघडा राहून दाब कमी करण्याची सोय कॅमवर असते. गॅप वाढला की ती सोय काम करत नाही आणि स्टार्टरला पूर्ण दाबाविरुद्ध फिरावं लागतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या सिंगल सिलिंडर ओएचव्ही (व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेल्या) इंजिनाला इनटेकचा गॅप ०.०८ ते ०.१३ मिमी आणि एक्झॉस्टचा ०.१३ ते ०.१८ मिमी ठेवतात. इंजिन थंड, प्लग काढलेला, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन सगळ्यात वर येऊन साधारण ६ मिमी खाली उतरलेला, अशा स्थितीत फीलर गेजने मोजायचं. मोटरसायकलच्या कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला हे तासाभरात जमतं. किंमत पाडायला ही चांगली जागा आहे, कारण दोष मोठा दिसतो आणि खर्च अगदी कमी. गॅप लावूनही अडकत असेल तर कॅमवरची ती सोयच तुटलेली आहे. मग इंजिन खोलावं लागेल.

याच सोयीमुळे नुसत्या कॉम्प्रेशन गेजचा आकडा या इंजिनांवर फसवतो. चांगल्या इंजिनालाही तो कमी दाखवतो. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते दाखवणारं साधन) असलेला गॅरेजवाला मिळाला तर त्याला सोबत न्या.

धूर बघा. चालू होताना निळा धूर येऊन विरला तर चालेल. ब्लेड जोडल्यावर, म्हणजे लोडवर, निळा धूर येतच राहिला तर रिंग्ज गेल्यात किंवा हेड गॅस्केट पुशरॉडच्या बाजूला फुटलंय. गॅस्केट असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि एअर फिल्टरच्या घरात ब्रीदरमधून तेल आलेलं सापडतं. ते झाकण उघडूनच बघा. वरचं फॅनचं झाकण काढता आलं तर सिलिंडरच्या फिन्स गवताने, उंदरांच्या घरट्याने बुजल्यात का ते बघा. फार्महाउसवर दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये हे नेहमी दिसतं. फिन्स बुजलेल्या स्थितीत चाललेलं एअर-कूल्ड इंजिन आतून भाजलेलं असतं.

व्ही-ट्विन असेल तर दोन्ही सिलिंडर चालतात का ते तपासा. एका सिलिंडरवरही ते मशीन चालू राहतं, हलकं गवतही कापतं आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. चालू केल्यावर मिनिटभराने दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर इंजिनाजवळ पाण्याचे चार थेंब टाका. एका पाइपावर पाणी चर्र करून उडालं आणि दुसऱ्यावरून नुसतं ओघळलं, तर तो सिलिंडर मेलेला आहे. प्लग किंवा कॉइल निघाली तर नशीब.

हायड्रो

गिअरवाली जुनी मशीनं वेगळी. त्यांत दाते असतात, ते झिजतात, आणि झिजलेला गिअर बघून बनवून देणारा बेळगावात मिळतो. हायड्रोस्टॅटिकमध्ये तेलाच्या दाबावर पंप मोटर फिरवतो. बेळगावात हायड्रॉलिक सिलिंडर बनतात, म्हणून लॉन मशीनचा हायड्रोही इथं होईल असं धरून चालू नका. त्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात पंप आणि मोटरचे पिस्टन इतक्या कमी फटीत चालतात की एकदा ओरखडे आले की भाग बदलल्याशिवाय इलाज नाही. सुटे भाग मिळणं कठीण, म्हणून शेवटी पूर्ण युनिटच घ्यावं लागतं आणि ते जुन्या मशीनच्या किमतीचा मोठा वाटा खातं.

घरगुती वर्गातल्या पुष्कळ लॉन ट्रॅक्टरमध्ये टफ टॉर्क कंपनीचा के४६ हा हायड्रो असतो. सपाट किंवा हलक्या चढाच्या जागेसाठी तो ठीक आहे. पण बाहेर काढल्याशिवाय त्याचं तेल बदलता येत नाही. रोज चढावर, मागे ट्रॉली लावून, मातीच्या गोणी ओढायच्या असतील तर त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तपासणी अशी करा. मशीन निदान अर्धा तास ब्लेड जोडून चालवा, कारण थंड हायड्रो सगळेच चांगले असतात. तेल तापून पातळ झाल्यावर झिजलेल्या पंपातून ते मागे सरकतं आणि ओढ कमी होते. तापल्यावर चढावर न्या, अर्ध्यात थांबा आणि तिथूनच पुन्हा पुढे घ्या. मशीन किंचाळल्यासारखा आवाज करत रेंगाळलं, किंवा पेडल पूर्ण दाबूनही जागचं हललं नाही, तर तिथंच नाही म्हणा. दुसरी परीक्षा सपाटीवर: डेक बंद, मशीनचं नाक जाड झाडाला किंवा भिंतीला हळूच टेकवा आणि पेडल थोडं थोडं दाबत जा. चांगल्या हायड्रोची मागची चाकं गवतावर जागच्या जागी फिरायला लागतात. चाकं थांबलेली आणि इंजिन तसंच मोकळं चालतंय, तर ताकद मधेच कुठंतरी हरवतेय.

मधेच म्हणजे कुठं, हे बघितल्याशिवाय मात्र हायड्रोला नापास करू नका. ड्राइव्हचा बेल्ट गुळगुळीत झाला असेल, किंवा त्याचा ताण देणारी स्प्रिंग सैल असेल, तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. मशीनच्या मागे बायपास दांडा असतो, इंजिन बंद असताना मशीन हाताने ढकलता यावं म्हणून. तो अर्धवट ओढलेला राहिला तरी तसंच. आणि हायड्रोच्या डोक्यावर एक प्लास्टिकचा पंखा असतो, त्याची दोन-तीन पाती तुटलेली असली की तेल तापून ओढ जाते. पंखा, बेल्ट, दांडा या तिन्ही गोष्टी खाली वाकून टॉर्चने पाच मिनिटांत दिसतात. या तिन्ही ठीक असूनही ओढ नसेल तरच दोष आतला. कधी कधी विक्रेते अशा मशीनची किंमत निम्म्यावर आणतात आणि घेणारा भुलतो. ती खरी निम्मी नसते. हायड्रो घातल्यावर पूर्ण होते.

बऱ्याच दिवसांत न चाललेल्या मशीनच्या हायड्रोत हवा शिरलेली असू शकते. बायपास उघडा ठेवून, इंजिन मंद चालू ठेवून पेडल पाच-सहा वेळा पुढे-मागे दाबा. मग बायपास बंद करून मोकळ्या जागेत तेच पुन्हा करा. हवा निघाली की आवाज बसतो.

डेक, ब्लेड आणि लेथवरची कामं

डेक वर उचलून, प्लगच्या वायरी काढून, खालून स्क्रूड्रायव्हरने टोचत जा. कडेच्या पट्टीवरचा गंज सोडून द्या. स्पिंडल जिथं बोल्टने बसतो त्या भोवतीचा पत्रा मऊ लागला तर मात्र नुसता ठिगळाचा वेल्ड पुरणार नाही. गंजलेला भाग पूर्ण कापून ३ मिमीची गोल प्लेट आतून बसवून घ्या, आणि वेल्ड करताना स्पिंडल काढून ठेवा, नाहीतर बेअरिंग जळतात. गोव्याच्या किनाऱ्यावर चाललेलं मशीन असेल तर डेकच्या आधी वायरिंगचे कनेक्टर उघडून बघा. खारी हवा तांब्यावर हिरवा थर आणते आणि मग रोज नवा दोष निघतो.

ब्लेडचं टोक हातमोजा घालून धरा आणि वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग गेलं. बऱ्याच घरगुती डेकांत ६२०३ किंवा ६२०४ नंबरचं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं साधं बेअरिंग असतं. शहरात कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. नंबर जुन्या बेअरिंगवरूनच वाचा, अंदाजाने आणू नका. नवं बेअरिंग ॲल्युमिनियमच्या घरात हाताने सरकत असेल तर घर लेथवर मोठं करून त्यात स्लीव्ह मारून घ्या. पुढच्या ॲक्सलच्या पिनला गनमेटलचं बुश, स्टिअरिंगच्या झिजलेल्या दात्याच्या पट्टीला जाड पत्र्यातून कापलेली नवी पट्टी, ही कामं उद्यमबागेतल्या टर्नरला नमुना दिला की होतात.

एक काम मात्र इथं कोणी कितीही आग्रह केला तरी करून घेऊ नका: ट्रकच्या कमानपाट्यापासून ब्लेड. कमानपाटा कडक असतो, दगडावर आपटला की वाकत नाही, तुटतो. ४२ इंची डेकच्या एकेका ब्लेडचं टोक ताशी ३०० किमीच्या पुढच्या वेगाने फिरत असतं. तेवढ्या वेगाने सुटलेला तुकडा डेकचा पत्रा फोडून बाहेर जाऊ शकतो. तडा गेलेलं ब्लेड वेल्ड करणंही तितकंच धोक्याचं. ब्लेड कंपनीचंच घ्या. ते मुद्दाम वाकणाऱ्या पोलादाचं असतं. धार ३० अंशांत लावा, टोक कागदासारखं पातळ करू नका, आणि धार लावल्यावर ब्लेड मधल्या भोकात खिळ्यावर अडकवून तोल बघा. एक बाजू खाली गेली तर तिच्या मागच्या कडेने थोडं घासा. तोल बिघडलेलं ब्लेड स्पिंडलचं बेअरिंग हंगामाच्या आत खातं.

बेल्टबद्दल नेहमी विचारलं जातं: बाजारात मिळणारा ए-सेक्शनचा साधा व्ही-बेल्ट चालेल का? मापाने बसतो. पण लॉन मशीनवर बेल्ट पाठीकडूनही पुलीवर वाकतो आणि ब्लेड जोडताना थोडा घसरतो. हे सोसायला ॲरामिड धाग्याचा, कापडाने मढवलेला बेल्ट लागतो. साधा बेल्ट अडीअडचणीला चार-सहा दिवस काढेल, हंगाम काढणार नाही.

चाकांची मापं बहुतेक पुढे १५ × ६.००-६ आणि मागे २० × ८.००-८ अशी असतात. हवा पुढे १४, मागे १० पीएसआय. पंक्चरवाला सवयीने ३० भरतो. मग मशीन उड्या मारतं आणि कापणी लाटेसारखी होते. बाभळीचे काटे असलेल्या अथणी-रायबाग बाजूला नळीवाटे सीलंट भरून ठेवलेलं बरं. तिकडे एअर फिल्टरही पुस्तिकेत सांगितलंय त्याच्या निम्म्या तासांतच साफ करा, धूळ तेवढी असते.

आता सुरक्षेच्या स्विचांचं. ब्लेड जोडलेलं असताना, मशीन उभं असताना, सीटवरून किंचित उठा. इंजिन तत्काळ बंद पडलं पाहिजे. जुन्या मशीनमध्ये सीटखालचा हा स्विच वायर जोडून बाद केलेला फार वेळा सापडतो. विकणाऱ्याकडून तो पैसे देण्याआधी चालू करून घ्या. माळी उतरला आणि ब्लेड फिरतच राहिलं तर पाय जातो. ब्लेड विजेने जोडणारा मॅग्नेटिक क्लच असेल तर त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टच्या क्लचला साधारण अडीच ते चार ओहम असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले म्हणजे चार्जिंग ठीक.

किंमत, कागद आणि नेणं

अवर मीटरवर एकट्यावर भरवसा ठेवू नका. पेडलचं झिजलेलं रबर, सीटची फाटलेली शिवण आणि डेकच्या छोट्या चाकांची भोकं जास्त खरं सांगतात. आमच्या मते सिंगल सिलिंडर घरगुती मशीन ५०० तासांच्या पुढे गेलं असेल तर नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर एक रुपया देऊ नये. व्ही-ट्विन, नीट तेलपाणी झालेलं, हायड्रोच्या दोन्ही परीक्षा पास, तर निम्म्यापर्यंत जायला हरकत नाही. हायड्रोबद्दल शंका असलेलं मशीन कोणत्याही किमतीला नको.

इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे आकडे कोरलेले असतात, मशीनची पट्टी सीटखाली असते. दोन्हींचे फोटो काढा. हे आकडे पुसलेले असतील तर पुढे साधं गॅस्केट मागवतानाही चूक होईल. मूळ बिल आणि विकल्याची सही केलेली पावती घ्या. संस्थेकडून घेत असाल तर गेटपासही. मशीन गोव्याहून चोर्ला घाटातून किंवा कोल्हापूरहून आणायचं असेल तर वाटेत कागद लागतो.

४२ इंची लॉन ट्रॅक्टर दोनशे किलोच्या आसपास असतो आणि छोट्या हत्तीच्या हौद्यात बसतो. गवत फेकायचं तोंड वर दुमडून बांधा. चढवताना फळ्या लांब घ्या, डेक पूर्ण वर उचला, पेट्रोलचा कॉक बंद करा. दोरी डेकला किंवा स्टिअरिंगला बांधू नका, चासीला बांधा.

मशीन घरी आलं की पहिल्या दिवशीच तेल बदला. सिंगल सिलिंडरला साधारण १.४ लिटर, व्ही-ट्विनला १.९ लिटर, एसएई ३० ग्रेड. पुढे दर ५० तासांनी. डेक समतल लावताना चाकांत हवा बरोबर आहे याची खात्री करा, मग डावी-उजवी बाजू ३ मिमीच्या आत सारखी आणि पुढची कड मागच्यापेक्षा ३ ते ६ मिमी खाली ठेवा. पुढची कड वर राहिली तर गवत दोनदा कापलं जातं, इंजिनावर लोड येतो आणि टोकं पिवळी पडतात. बेल्टची एक जोडी, ब्लेडची एक जोडी आणि दोन बेअरिंग मृगाच्या आधी घरात आणून ठेवा. जून लागला की लॉन असलेला प्रत्येक जण तेच पार्ट मागतो आणि कुरिअर पंधरा दिवस घेतं.